दुपारची सावली

"चन्नामामा, माग बंद करा आधी!"

सोमशेखर कारखान्यात शिरताच ओरडला. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय भागतच नाही, पण आज आवाजात रागही होता. ऑर्डर होती अस्तराच्या पातळ कापडाची, आणि चन्नाप्पा त्याच मागावर आडवं सूत ठासून भलतंच दाट कापड विणत बसला होता. सूत मालकाचं, माग मालकाचा, आणि मालकालाच पत्ता नाही!

चन्नाप्पानं माग थांबवला. सोमशेखरच्या वडलांच्या काळापासूनचा हा कामगार. मान खाली घालणं त्याला ठाऊक नव्हतं.

"चोरी न्हाय मालक. इचारणार हुतो. पर तुमी न्हाय म्हणला असता, तर नातीचं कापड ऱ्हायलं असतं."

नात म्हणजे सौंदर्या. अख्ख्या कबनुरात ती सगळ्यांना माहीत होती. जन्मापासून केस पांढरे, भुवया पांढऱ्या, कातडी दुधासारखी. जरा ऊन लागलं की अंगावर फोड. म्हणून पोर बाहेर पडायची ती उगवतीला, नाहीतर दिवस कलल्यावर. पण शाळा भरायची बाराला. पावसाळ्यात ढगांच्या आडोशानं चार महिने गेली. दसऱ्यानंतर ऊन तापलं आणि तिचं शाळेत जाणं थांबलं. आता मार्च लागला तरी ती घरातच होती.

"बाईंनी निरोप धाडलाय," चन्नाप्पा म्हणाला, "सोमवारी आली न्हाय तर नाव काढणार. डागतर म्हणालं, अंगभर झाका. झाकलं की! पर बाजारातल्या कापडातनं ऊन शिरतंय आत. पोरीचं खांदं सोलून निघालं."

"म्हणून माझ्या मागावर?"

"जरा भायेर या."

अंगणात रणरणतं ऊन होतं. चन्नाप्पानं एका हातात अस्तराचं कापड धरलं, दुसऱ्या हातात आपलं. अस्तराची सावली जमिनीवर फिकट पडली. तिच्यात चालणाऱ्या मुंग्यासुद्धा स्पष्ट दिसत होत्या. दुसऱ्या कापडाखाली मात्र काळाभोर अंधार.

"हितं ऊन शिरत न्हाय," चन्नाप्पा म्हणाला.

सोमशेखर बघतच राहिला. लहानपणापासून तो कापड चिमटीत धरून पारखत आला होता. त्याचे वडीलही तेच करायचे. पण कापड उन्हात धरून त्याची सावली बघावी, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याचा राग कुठल्या कुठं पळाला. म्हाताऱ्याचं मनापासून कौतुक वाटलं त्याला. पण कौतुक सरळ तोंडानं करेल तो कोल्हापूरकर कसला!

"एवढंच विणलंय?" तो खेकसला. "आन टोपीला काय तुमचं धोतर फाडणार? चला, माग चालू करा!"

सोमवारी बाराच्या आधी रस्त्यानं सौंदर्या येताना दिसली. घोट्यापर्यंत झगा, बोटं झाकतील एवढ्या लांब बाह्या, डोक्यावर सुपाएवढी टोपी, डोळ्यांवर जत्रेतला काळा गॉगल आणि पाठीला दप्तर. कडेला लिंबाची सावली होती, तरी पोर मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चालत होती. माग सोडून सगळे दारात जमले. चन्नाप्पा पुढं होता, आणि त्याच्यामागं सोमशेखर.

अंगणात येऊन ती थबकली. पुढं बघितलं, वळून मागं बघितलं. तिच्या ओळखीची सावली सकाळ-संध्याकाळची, लांबच लांब.

"आज्जा! माझी सावली हरवली!"

"हरवतीय कुठं? पायाखाली हाय बघ. दुपारची तितंच असती ती."

सौंदर्यानं एक पाय उचलला आणि वाकून खाली पाहिलं. मग तो टेकवून दुसरा उचलला.