गेनूचा शेवट

"...आणि बघता बघता गेनू धुक्यात दिसेनासा झाला." एवढं वाचून उपेंद्रमास्तरांनी कागद खाली ठेवले आणि चष्म्यावरून रखमाजीबाबांकडे पाहिलं.

बाबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. वय नव्वदीला टेकलेलं, पण कान तिखट. अंगणात राजगड चढायला आलेल्या पुणेकरांच्या मोटारसायकली उभ्या होत्या आणि बाबांची सून मंगल आत त्यांच्यासाठी भाकऱ्या थापत होती.

गेनू म्हणजे बाबांचा थोरला भाऊ. बेचाळीसच्या धामधुमीत भूमिगतांच्या चिठ्ठ्या घेऊन डोंगर तुडवायचा. एका पहाटे राजगडाखालच्या या पाली गावातून निघाला तो परतलाच नाही. त्याच्यावर कादंबरी लिहायची म्हणून मास्तर दोन वर्षांपूर्वी भोरहून चौकशीला आले. चौकशी राहिली बाजूला, त्यांना म्हाताऱ्याचा लळाच लागला. महिन्यातून एकदा नसरापूरला एसटी बदलून पालीला आल्याशिवाय चैन पडेना. बायको नलू म्हणायची, "तुमचं आजोळ आहे की काय तिथं?"

पहिल्या खर्ड्यात मास्तरांनी गेनूला ओढ्याकाठी पोलिसाच्या गोळीनं मारलं होतं. लिहिताना हात कचरला नव्हता. पण पुढे बाबांच्या घरची भाकरी पोटात गेली आणि ते प्रकरण सुधारायला घेतलं की पेन अडू लागलं. ज्याच्या पंगतीला बसलो त्याच्या भावाला मारायचं कसं? सात वेळा खाडाखोड झाली. गोळी गेली, पोलीस गेला, नुसतं धुकं उरलं. प्रकाशक खूश. "शेवट मोकळा सोडलात, फार छान!" म्हणाला. सोमवारी पुस्तक छपाईला जायचं होतं. पण बाबांना ऐकवल्याशिवाय एक अक्षर छापायचं नाही, हे मास्तरांनी ठरवून टाकलं होतं.

"मंग? फुडं?" बाबांनी विचारलं.

"पुढं काही नाही, बाबा. गेनूचं काय झालं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं."

"वाचनाऱ्यानं?" बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. "आन् आमी काय करायचं?"

मास्तर गडबडले. खोटं कशाला बोला, ते शाबासकीची वाट बघत होते.

"भादव्यात म्हाळ घालतो आमी," बाबा हळूहळू बोलू लागले. "पितरांना जेवाया वाढतो. बाचं पान आसतं, आईचं आसतं. गेनूदादाचं न्हाई. आईनं मरताना शबूद घेतला माज्याकडनं. म्हनली, कुनी येऊन सांगितल्याबिगर माज्या लेकाला मेलेल्यात बसवू नगं. लई वाट बगितली म्या. सरकारी मानसं आली, पेपरवाली आली. समदी इचारून गेली, सांगितलं कुनीच न्हाई. दिवाळीला जित्यात न्हाई, म्हाळाला मेल्यात न्हाई. ऐंशी वर्सं उपाशी हाय त्यो. तुमी येवडं लिवताय, म्हनलं मास्तर तरी सांगत्याल."

"पण बाबा, मी हे मनानं रचलंय. खरं काय झालं ते मला तरी कुठं माहीत?"

"मला बी न्हाई म्हाईत. पर सांगनारं मानूस लागतं, मास्तर. तुमी आलाय. सांगा."

मास्तरांनी पस्तीस वर्षं शाळेत खणखणीत आवाजात इतिहास शिकवला होता. आता ते सरकून बाबांच्या जवळ बसले. हा म्हातारा आपल्याला बापाच्या जागी आहे, हे त्यांना इतक्या लख्खपणे कधी कळलं नव्हतं. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला.

"बाबा, गेनूदादा गेला. ओढ्याकाठी गोळी लागली. तिथंच गेला."

"तरास झाला त्याला?"

"नाही, बाबा. लगेच गेला."

बाबांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. मास्तरांनी धरलेला हात सोडला नाही. मग बाबांनी डोळे पुसले आणि आत वळून हाक दिली,

"मंगल, औंदा म्हाळाला एक पान ज्यादा वाढ गं. आपला दादा जेवाया येनार हाय."