आतला फोटो

आईचा फोटो पुन्हा बाटलीत अडकला. साहेबांनी तो नखाने ओढून पाहिला, बाटली तळहातावर आपटून पाहिली आणि मग टेबलावरून ती डिझायनरकडे सरकवली.

"मॅडम, गिऱ्हाइकाने रोज नवं चित्र घालावं म्हणून आपण ही बाटली काढतोय. आज फुलं, उद्या मांजर. जुनं निघायलाच तयार नसेल तर नवं जाणार कुठे?"

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. बाटली दुहेरी भिंतीची, आरपार दिसणारी. तळाचं झाकण फिरवून काढायचं, दोन भिंतींमधल्या फटीत चित्राचा कागद गुंडाळून सरकवायचा आणि झाकण लावून टाकायचं. सांगायला सोपं, पण गेले कित्येक आठवडे तिचं सगळं डोकं त्या फटीत जाऊन बसलं होतं. चाचणीपुरतं काहीतरी घालायचं म्हणून तिने मोबाइलमधला हाताला लागला तो फोटो छापून घेतला होता. आई खुर्चीत बसून मटार सोलत होती आणि 'कशाला गं काढतेस' असं म्हणताना हसत होती.

"साचा आता बदलणार नाही," साचेवाले काका म्हणाले. प्रत्येक मीटिंगला ते हे एवढंच बोलायचे आणि चहा पिऊन जायचे. "कागदाचं काय ते बघा."

"आजच बघा," साहेब म्हणाले. "काढताना हाताला काही जाणवताच कामा नये."

ती जागेवर आली तेव्हा टेबलावर फोन थरथरत होता. दादाचा. सकाळपासून तो टाळून झाला होता, आता घेतला.

"काय ठरलं तुझं?" दादाने विचारलं. "वृद्धाश्रमातून पुन्हा फोन आला होता. आज हो म्हटलं नाही तर खोली दुसऱ्याला देणार आहेत."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? काल आई पुन्हा गॅस चालू ठेवून झोपली. तुझ्या वहिनीने नोकरी करायची की दिवसभर तिच्या मागे फिरायचं? तू नेतेस तर सांग, आत्ता आणून सोडतो. पण आश्रमाचं मी एकट्याने ठरवणार नाही. पुढे तूच मला बोल लावशील. तुझ्या तोंडून ऐकू दे एकदा."

तिच्या घराला दोन खोल्या आणि दिवसभर कुलूप. नवऱ्याला विचारायचं तर त्याचं उत्तर तिला तोंडपाठ होतं, आणि त्याच्याशी वाद घालायला लागतं ते बळ तिच्यात उरलं नव्हतं. आईला तिकडे ठेवणं तिला नको होतं. घरी आणणंही नको होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. आत्ता कोणी काही विचारू नये, एवढंच तिला हवं होतं.

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

मग तिने नेमाने काम केलं. जाड कागद टाकून तोच फोटो पातळ कागदावर छापला. चारही कडांनी थोडा थोडा छाटला. जाड कागद भिंतीला घट्ट धरून राहायचा, हा कुठेच टेकत नव्हता. बोटाने ओढता यावा म्हणून खालच्या कडेला छोटी जीभ ठेवली. बाटलीत पाणी भरलं, कारण साहेबांना भरलेली बाटली हातात घेऊन बघायची सवय होती.

साहेबांनी तळाचं झाकण फिरवलं. आई अलगद त्यांच्या हातात आली.

"वा," ते म्हणाले. "निघाला कधी ते कळलंसुद्धा नाही. हेच पक्कं करा."

त्यांनी फोटो परत आत सरकवला, झाकण लावलं आणि बाटली तिच्या हातात दिली. ती बाटली घेऊनच ती बाहेर जिन्यापाशी आली आणि तिने फोन लावला.

"दादा, हो म्हणून सांग त्यांना."

"नक्की?"

"नक्की."

"बरं." त्याचा आवाजही दमलेलाच होता. "थांब, आई फोन मागतेय. तिला अजून काही सांगितलेलं नाही."

नको म्हणायच्या आत आई फोनवर आली. "काय गं, दादा म्हणत होता तुझ्याशी बोलून ठरवतो. तुझ्याकडेच यायचंय ना मला? मी कपडे काढून ठेवलेत. जास्त नाही आणत, तुझ्याकडे जागा कमी."

तिने बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बोलत का नाहीस? घसा कोरडा पडला असेल. सकाळपासून पाणी तरी प्यायलीस का?"

"पिते."

"पिते नको, आत्ता पी. मी फोन धरते."

तिने वरचं टोपण उघडून बाटली तोंडाला लावली आणि एक घोट घेतला. बाटली खाली घेतली तर समोर कागदाचा कोरा भाग होता. आतला फोटो सरकत सरकत पलीकडे गेला होता. तिने बाटली फिरवून आईचं तोंड आपल्याकडे केलं आणि पुन्हा एक घोट घेतला. फोटो पुन्हा सरकला, पुन्हा पाठ झाली. हे चाचणीत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बाटली कशी उघडते ते सगळ्यांनी पाहिलं होतं, तिच्यातून पाणी पिऊन कोणी पाहिलं नव्हतं.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. बाटली मांडीवर घेऊन तिने हळूच टिचकी मारली, मग दुसऱ्या बाजूने मारली. आई काही वळेना.

"प्यायलीस का गं?" फोनमधून आई विचारत होती.