शनिवारची सभा

“सॉरी म्हण बाळा,” नम्रता लेकीच्या कानाशी लागली. “नाही म्हटलंस तर घरी पाठवतील.”

“आजच?” राजनंदिनीने विचारलं.

पोरीचा कापरा आवाज ऐकून नम्रताने तिला जवळ ओढलं. “घाबरू नकोस. मी नाही पाठवू देणार.”

राजनंदिनी खाली मान घालून वर्तुळात जाऊन बसली.

लोणी काळभोरच्या पुढची ही निवासी शाळा. मुलंमुली एकत्र, सकाळी गाणं, दुपारी मातीकाम. आणि कुणाचं चुकलं तर निवाडा मुलांचा, शिक्षकांचा नव्हे. पालकांनी मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही. सासूबाईंचे टोमणे झेलत नम्रताने लेकीला इथवर आणलं होतं. हातात माती आली की पोर जग विसरायची. कसब्यातल्या दोन खोल्यांत मातीला जागा कुठली? सुट्टी संपून परत निघताना पोर रडायची, पण होईल सवय.

“मुद्दा सगळ्यांना ठाऊक आहे,” दहावीतला अझीम उभा राहिला. “राजनंदिनीने बिलकिसचा घोडा फोडला. भट्टीत जायच्या आदल्या दिवशी. त्याआधी माझी सुरई. ती तशीही वाकडीच होती, त्यामुळे कुणी रडलं नाही.”

हशा पिकला. राजनंदिनी हसली नाही.

“चुकून फुटला का गं?” अझीमने तिला विचारलं.

“नाही. मुद्दाम फोडला.”

अगं, खोटं तरी बोल! नम्रताने ओढणी मुठीत आवळली. उठावं, या एवढ्याएवढ्या पोरांपुढे हात जोडावेत. ती अर्धवट उठलीही, तशी शेजारी बसलेल्या शिक्षिका शर्मिलाताईंनी तिचा हात हलकेच दाबला. “आपण नाही बोलायचं. मीसुद्धा नाही.”

बिलकिस उठली. “घोडा काय, मी दुसरा करीन. पण हिच्यासारखे हात आपल्यात कुणाचे नाहीत. हिला नका ना पाठवू.”

“डोळे मिटा,” अझीम म्हणाला. मैत्री आड येऊ नये म्हणून इथे मत डोळे मिटून द्यायचं. मोजणाऱ्याने तेवढे उघडे ठेवायचे. “राजनंदिनीला घरी पाठवावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.”

नम्रतानेही डोळे मिटले. कसब्याच्या गणपतीला हाक मारली. पण राहवेना. तिने डोळे किलकिले केले.

अख्ख्या सभेत एकच हात वर होता. डोळे घट्ट मिटून राजनंदिनीने तो जमेल तितका उंच धरला होता.