वासावरचा इलाज

वलगाव रोडवरच्या सीएनजी पंपावर कॉम्प्रेसरचं सील पार झिजलं होतं आणि आतबाहेर होणाऱ्या दांड्याजवळून गॅस फुसफुसत होता. इंजिनिअर जेबा मालकाला सांगून सांगून थकली.

"जानरावभाऊ, नवं सील मागवा, नाहीतर एक दिवस सगळे उडू."

"बाई, गाड्यांची रांग पाय. मशीन बंद ठेवून मी का भजन करू?"

आज पंपावर सुरक्षा सप्ताहाचे पाहुणे येणार होते. फाटकातूनच नाक दाबत जानराव ओरडला, "काय घाण वास येऊन राहिला! पाहुण्याइले काय तोंड दाखवू? थांब, मीच इलाज करतो."

चला, याला आता तरी लाज वाटली, असं जेबाला वाटलं.



जानराव कॉम्प्रेसरच्या खोलीत शिरला तेव्हा त्याच्या हातात अगरबत्त्यांचा अख्खा जुडगा होता, पेटवलेला.