सर्वांची वही

पंचवटीतील तीर्थपुरोहित दिगंबरशास्त्रींनी यजमानांच्या वंशावळीच्या जुन्या वह्या २००६ साली जशाच्या तशा टंकून इंटरनेटवर चढवल्या, आणि जीर्ण पोथ्यांप्रमाणे मूळ वह्यांचे गोदावरीत विधिपूर्वक विसर्जन केले. "घाट जसा सर्वांचा, तशी ही वहीही सर्वांची. ज्याला चूक दिसेल, त्याने ती स्वतः सुधारावी," असे ते अभिमानाने सांगत.

दोन वर्षांनी निफाडची सगुणा आली. तिचा नवरा नुकताच वारला होता.

"गुरुजी, माझा दीर दौलत कोर्टात म्हणतो, आमचं लग्नच झालं नाय. लेकरासकट घराबाहेर काढलंय मला. पण लग्नानंतर यांनी तुमच्या वहीत स्वतःच्या हातानं माझं नाव लिहिलं होतं ना?"

"रडू नकोस, बाई. कागद गोदेला दिला, म्हणून नाव कुठे जाते?" असे म्हणत शास्त्रीबुवांनी संगणकावर तिच्या नवऱ्याचे पान उघडले.



नवऱ्याच्या नावापुढे 'अविवाहित' असे होते, आणि त्याखाली शास्त्रीबुवांनीच प्रत्येक सुधारणेसाठी योजून ठेवलेले वाक्य: 'चूक दुरुस्त केल्याबद्दल श्री. दौलतराव यांचे मनःपूर्वक आभार.'