म्हाताऱ्याची रेकॉर्ड

सुई रेकॉर्डवर टेकायच्या आतच धाकट्याने तोंड उघडलं. "डॉक्टर, थांबा जरा. ही रेकॉर्ड आपण चुकीची ऐकतोय."

दातांच्या डॉक्टरांचा हात अधांतरी राहिला. आठवड्याच्या सुट्टीला दवाखान्याचं दार आतून लावून ही मंडळी नॉर्वेतल्या कुठल्याशा रॉक बँडची एकुलती एक रेकॉर्ड ऐकत. जगाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि मंडळींना त्याचाच काय तो अभिमान होता. रेंगाळणारे ड्रम, जड गिटार आणि त्यावर दुःखाने खचलेल्या एका म्हाताऱ्याचा आवाज. त्या भाषेतलं अक्षरही कुणाला कळत नव्हतं. तरी म्हाताऱ्याचा मुलगा समुद्रात बुडालाय, हे डॉक्टरांनी ओळखलं होतं. गणिताच्या सरांना तर त्या आवाजात स्वतःचे वडील ऐकू येत. तिसऱ्या गाण्याला सर रडत, तेव्हा सगळे शहाण्यासारखे छताकडे बघत.

चष्म्यांचं दुकान चालवणारा चष्मेवाला आज रोग्याच्या खुर्चीत होता. पाय पसरून आडवं होता येईल अशी ती खुर्ची दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये होती. तिचा मान डॉक्टर देतील त्याला. इतकी वर्षं त्याच्या वाट्याला दाराजवळचं स्टूलच आलं होतं. आज पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले होते, "या, आज तुम्ही पडा." आणि नेमकं आजच त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाला हे सुचलं होतं.

भाऊ उद्धट नव्हता. नोकरी सुटल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. दादाने बळेबळे इथे आणलं, त्याने ही रेकॉर्ड ऐकली आणि दुसऱ्या दिवशी आपणहून दाढी केली. तेव्हापासून तो सुट्टीच्या दिवसाकडे डोळे लावून बसायचा. आत्ताही तो बोलत होता तो आनंदाने.

"फोनवर सापडली मला," तो म्हणाला. "म्हातारा नाहीये तो. मुलगी आहे. ऐका ना."

इथे फोन काढायचा नाही, हा डॉक्टरांचा पहिला नियम. त्याने काढला. ड्रम धावत सुटले आणि एक पोरगी गायला लागली, धापा टाकत, अगदी मजेत. तीच चाल, तेच शब्द. डॉक्टरांनी फोनवर पंजा ठेवला, पण तोवर सगळ्यांचं ऐकून झालं होतं.

सर पांढरेफटक पडले.

"मोठी रेकॉर्ड म्हटली की आपण तेहेतीसचं बटण दाबतो," धाकटा सांगतच होता. "ही मिनिटाला पंचेचाळीस वेळा फिरायला हवी. म्हणून तर आवाज असा ओढल्यासारखा येतो. मधल्या कागदावर बारीक लिहिलेलं असणार. दादा, तू बघ ना."

"हो, बघा की," डॉक्टर गोड आवाजात म्हणाले. "बारीक अक्षरं म्हणजे तुमचाच धंदा." त्यांनी रेकॉर्ड अलगद त्याच्या हातात दिली आणि खुर्चीवरचा दिवा खाली ओढला.

चष्मेवाल्याने पडल्या पडल्याच रेकॉर्ड डोळ्यांजवळ धरली. त्याच्या दुकानातल्या तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीहून ते आकडे मोठे होते. चार आणि पाच. त्याने मान वर केली. निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे सर त्याच्याकडे बघत होते. डॉक्टर बघत होते खुर्चीकडे. धाकटा हसत होता.

"काही नाही," चष्मेवाला म्हणाला. "चरा आहे."

"दादा, नीट बघ."

"बघितलं. चराच आहे."

सरांनी सुस्कारा सोडला. डॉक्टरांनी रेकॉर्ड परत घेतली, फडक्याने पुसली आणि प्लेअरवर ठेवली. "पोराचा दोष नाही. एकेकाला कानच नसतो. पण अशाने बाकीच्यांचं ऐकणं नासतं. भाऊ तुमचा आहे, तुम्हीच सांगा त्याला."

"बाहेर बस," चष्मेवाला म्हणाला. हे सांगायला तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. त्याला स्वतःची शरम वाटली, पण उठावंसं काही वाटलं नाही.

धाकट्याने फोन खिशात घातला. "माझंच काहीतरी चुकलं असेल," तो सरांना म्हणाला. मग रोगी आपली पाळी यायची वाट बघतात त्या बाहेरच्या खोलीत गेला आणि जाताना त्याने दार हळूच ओढून घेतलं.

सुई टेकली. तेहेतीसवर. म्हातारा गायला लागला, पण चष्मेवाल्याला आता तो ऐकू येईना. त्याला ऐकू येत होती ती पोरगी, आणि कुणीतरी तिच्या छातीवर बसलं होतं. त्याने डोळे मिटले आणि मान डोलावली. त्या खुर्चीत बसल्यावर मान डोलवावीच लागते.

तिसरं गाणं लागलं आणि दाराबाहेरून गुणगुण ऐकू आली. धाकटा गात होता, तिच्याच वेगात, भराभर. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सरांचे डोळे भरून आले होते, ते तसेच अडकून राहिले.

गुणगुण अडखळली. थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जरा खालून, जरा हळू. पुन्हा थांबली, अजून खाली उतरली. एकेक शब्द ओढत, आवाज घशात दाबत, शेवटी ती म्हाताऱ्याच्या आवाजात अशी मिसळली की दोन माणसं गातायत हे कळेना. सर रडायला लागले.

डॉक्टरांच्या आठ्या मोडल्या. "ऐकलंत?" ते खुर्चीवर वाकून कुजबुजले. "सुधारतोय. पुढच्या वेळी तुमच्या जुन्या स्टुलावर बसवू त्याला."