वेचणीतलं लग्न

मुल्लानं निकाहला सुरुवात केली आणि तेवढ्यात कालव्याच्या बाजूनं धूळ उठली. जिल्ह्याच्या साहेबांची काळी मोटार होती. वेचणीच्या दिवसांत ही मोटार ओळखत नाही असं माणूस बुखाऱ्याच्या शिवारात शोधून सापडलं नसतं.

"थांबू का?" मुल्लानं विचारलं. सरकारला निकाह चालत नसे, म्हणून दाढी झाकायला त्यानं तोंडाला फडकं गुंडाळलं होतं.

"थांबा जरा," होसियात म्हणाली. "पण पळू नका."

होसियात वेचणाऱ्या बायकांची मुकादम होती आणि नवरीची आईही. कमरेची कापसाची ओटी तिनं अजून सोडली नव्हती. मुलीच्या, झेबोच्या कमरेलाही ओटीच होती. डोक्यावर तेवढा आईचा जरीचा रुमाल. तिच्या शेजारी ओरिफ मान खाली घालून बसला होता. परवा त्याला फौजेची गाडी न्यायला येणार होती. सरकारी कोटा पुरा होईपर्यंत वेचणी सोडून कुणी लग्नाला जायचं नाही, असा हुकूम निघाला होता. कोटा पुरा होईल तेव्हा ओरिफ कुठल्या तरी परक्या डोंगरात बंदूक घेऊन उभा असणार. मग होसियातनं ठरवलं, माणसांना लग्नाला जाता येत नाही ना, लग्नच वेचणीला येईल. जेवणाच्या सुट्टीत, पऱ्हाटीच्या मधोमध.

तुराबोव साहेब मोटारीतून उतरले. "काय चाललंय हे?"

"जेवणाची सुट्टी, साहेब. बसा ना, पुलाव होतच आलाय."

"आणि हे कर्णे?" लग्नाच्या वरातीत वाजवायचे, माणसाहून लांब दोन पितळी कर्णे बांधाला टेकवून ठेवले होते. वाजवणारे दोघे भाऊ पऱ्हाटीआड खाली बसले होते.

"जेवायला हाक मारायला. शेत केवढं मोठं आहे, साहेब!"

बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. साहेब हसले नाहीत. नवरीच्या गोधड्यांचा गठ्ठा त्यांनी बुटानं ढोसला. "सरकारी कापूस चोरून भरलाय ह्यात."

"चिंध्या आहेत त्यात. कापूस आम्ही नुसता वेचतो. पुढे आगगाडीनं तो कुठे जातो, ते तुम्हालाच ठाऊक."

"उसव रे," साहेब ड्रायव्हरला म्हणाले.

ड्रायव्हरनं चाकूनं वरची गोधडी फाडली. आतून झेबोचे लहानपणचे झगे निघाले, तुकडे तुकडे केलेले. एका मेलेल्या माणसाच्या कोटाची बाही निघाली. झेबोनं बापाची ती बाही ओळखली आणि तोंड फिरवलं. आता कुणीच हसत नव्हतं.

ओरिफचे आजोबा, नार्झीबाबा, काठी टेकत पुढे आले. "साहेब, तुम्ही उभे आहात ना, तिथं माझ्या बापाची जर्दाळूची बाग होती. आमच्या घरातली सगळी लग्नं इथंच लागली. तुम्ही झाडं तोडलीत, कालवा आणलात, कापूस लावलात. आता जमिनीवर मीठ फुटतंय. पण जागा तुम्हाला उचलून नेता आली नाही."

"म्हाताऱ्या, देशाला कापूस हवाय."

"मग देशाला सांगा, आमच्या ओरिफला इथंच राहू दे. पोरगा चांगला वेचतो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते होसियातकडे वळले. "उद्यापासून तू मुकादम नाहीस. समजलं?"

मुकादमी गेली की हिवाळ्याचं पीठ गेलं. पण झेबो तिच्याकडे बघत होती.

"बरं," ती म्हणाली. "आज मी नवरीची आई आहे. ते काढून घेणं तुमच्या हातात नाही."

साहेबांना रिकाम्या हातानं परत जाणं शक्य नव्हतं. इकडेतिकडे बघून ते ओरडले, "कर्णे जप्त करा!"

ड्रायव्हरनं कर्णे मोटारीत घालायची बरीच खटपट केली. "मावत नाहीत, साहेब."

"काच खाली घे आणि चल!"

मोटार निघाली. दोन्ही खिडक्यांतून एकेक कर्णा बाहेर आलेला, पितळी तोंडं उन्हात चमकत होती. होसियात खाली बसली आणि चिंध्या गोळा करून गोधडीत परत कोंबू लागली.

"आई," झेबो म्हणाली. "ते बघ."

जमीन तळहातासारखी सपाट, त्यामुळे कालव्याचा पूल इथूनही स्पष्ट दिसत होता. पुलाजवळच्या शेतात दुसऱ्या गावच्या बायका वेचत होत्या. कर्णे लावलेली मोटार येताना दिसली की माणसाला दुसरं काय वाटणार? त्या ओट्या सावरत धावत सुटल्या. रुमालाला रुमाल बांधून त्यांनी पुलावर आडवी दोरी धरली. मिठाई घेतल्याशिवाय नवरदेवाची गाडी पुढे सोडली, तर गावाची अब्रू काय राहिली?

मोटार थांबली. साहेबांनी हॉर्न वाजवला असावा, कारण बायका टाळ्या पिटत मोटारीभोवती नाचायलाच लागल्या. मागून आणखी बायका धावत येत होत्या.

ओरिफ इतका वेळ गप्प होता, तो खो खो हसत सुटला. झेबो डोळे पुसता पुसता हसली. होसियातनं हातातली गोधडी मुलीच्या मांडीवर ठेवली आणि मुल्लाच्या तोंडावरचं फडकं ओढून काढलं.

"आता वाचा, बाबा," ती म्हणाली. "आणि सावकाश वाचा."